उडदाच्या रंगाचा दगड

कर्जत तालुक्यातल्या कडावच्या पंचक्रोशीत दगडाला तोटा नाही. बांधाला दगड, विहिरीला दगड, देवळाच्या जोत्याला दगड. नांगर अडतो तोही दगडालाच. पूर्वेला सह्याद्रीचा कडा उभा आहे, त्यात दुसरं काही नाहीच. आणि एवढ्या दगडांच्या मुलखात वस्तऱ्याला शेवटचा हात द्यायला एक दगड मिळत नाही. इथल्या बालदिगंबर गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या मंडळींना याचं सोयरसुतक असायचं कारण नाही. मला आहे, कारण मी अजून उघड्या वस्तऱ्याने दाढी करतो आणि बरीच वर्षं जमेल तिथून, जमेल त्या भावात धारेचे दगड गोळा करत आलो आहे. घरात या छंदासाठी सभ्य शब्द वापरला जात नाही.

आमचा दगड म्हणजे काळा पाषाण, भूगर्भवाल्यांचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तो तयार झाला. जातं, पाटा, वरवंटा, उखळ सगळं त्याचं. विळ्याकोयत्यालाही तो पुरतो. भातकापणीच्या दिवसांत माणूस ओढ्यातला एखादा चपटा गोटा उचलतो, पाण्यात बुडवतो, विळा पाजवतो आणि कामाला लागतो. विळ्याला थोडी खरखरीत धारच बरी, भाताचं काड तिच्यावरून सटकत नाही. वस्तऱ्याचं तसं नाही. दाढीचा केस साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा जाड असतो. नीट लावलेल्या वस्तऱ्याच्या धारेची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्म्यावर येते. अशी धार डोळ्यांना दिसत नाही. उजेडात धरल्यावर काठावर पांढरी रेघ चमकली, की ती धार नव्हे, धारेचा गेलेला भाग आहे असं समजायचं.

काळ्या पाषाणाची अडचण त्याच्या घडणीत आहे. त्यातले फेल्डस्पार, पायरॉक्सिन, मॅग्नेटाइट हे सगळे कठीणपणाच्या दहा पायऱ्यांच्या मापात सहाच्या आसपास. कडक पाणी दिलेलं वस्तऱ्याचं पोलादही साधारण तिथंच. बरोबरीच्या दोघांत कुणी कुणाला कापायचं? त्यात लाव्हा थंड होताना हे स्फटिक एकमेकांत असे गुंतून बसले आहेत, की एकही दाणा सुटा होत नाही. वर दगडात जागोजाग पोकळ्या, आणि पोकळ्यांत झिओलाइटचे मऊ, सुंदर, धारेच्या दृष्टीने निरुपयोगी स्फटिक. बोरघाटातून रेल्वे नेण्यासाठी एकोणिसाव्या शतकात डोंगर फोडला तेव्हा असे स्फटिक ढिगाने निघाले आणि परदेशांतल्या संग्रहालयांत जाऊन बसले. आपला दगड संग्रहालयात गेला, आणि संग्रहालयवाल्यांच्या मुलखातला दगड आपल्या न्हाव्याच्या धोकटीत यावा लागला, असा हा व्यवहार.

नाही म्हणायला त्याच पोकळ्यांत कधी अकीक सापडतो, गारगोटी सापडते. अकीक पोलादापेक्षा कठीण असतो आणि त्याचा दाणा इतका बारीक, की सोनार त्याची ओपणी करून सोन्याला झळाळी देतात. पण वस्तरा टेकवायला वीतभर लांब, दोन-तीन बोटं रुंद आणि पाण्यासारखा सपाट तुकडा लागतो. तेवढा अकीक माझ्या वाट्याला अजून आलेला नाही.

ओळखीतले एक म्हातारे आबा जन्मभर वस्तरा चालवलेले. बैठकीवर, ओट्यावर, झाडाखाली, जिथे गिऱ्हाईक तिथे धोकटी उघडायची. धोकटीत वस्तरे, कात्री, नराणी, वाटी, आरसा आणि कापडात गुंडाळलेला एक करडा-काळा, पाटीच्या जातीचा दगड. साबण पुढे आला; आधी नुसतं पाणी चोळूनच दाढी व्हायची, आणि पाण्यावर चालणाऱ्या वस्तऱ्याला लपवाछपवी जमत नाही. मी त्यांना एकदा ओढ्यातला एक अगदी गुळगुळीत गोटा दाखवला आणि याच्यावर का नाही, असं विचारलं. त्यांनी नखाने खरवडून बघितला आणि म्हणाले, "गुरुजी, दगडानं सोडलं पायजे. जो सोडीत नाय, तो निस्ता घासतो."

पुढे जे काही वाचलं आणि करून पाहिलं, ते सगळं या वाक्यापाशी येऊन थांबतं. धारेचा दगड कठीण असावा ही समजूत अर्धवट आहे. दाणा कठीण हवा, पण ज्यात तो दाणा बसलाय ती माती, ते बस्तान मऊ हवं. पाण्याबरोबर घासताना दगडाने आपले कण सोडले, की त्यांचा गाळ होतो आणि तो गाळ पोलाद कापतो. वरचा झिजलेला थर निघून खालचा ताजा दाणा उघडा पडत राहतो. इथे चंदनाची आठवण काढण्याचा मोह मराठी लेखकाला होतोच. तो आवरतो.

कडावहून कशेळ्याच्या वाटेने आंबिवलीला गेलं, की कोथळीगडाच्या पायथ्याशी नदीकाठी बौद्ध लेणं आहे. दुसऱ्या अंगाला, राजमाचीच्या कुशीत कोंडाण्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे एका शिल्पाजवळच्या लेखात कान्हाचा शिष्य बालक याने हे केलं, एवढंच कोरलेलं आहे. लोक तिथला चैत्य बघतात, धबधबा बघतात. माझं डोकं दुसरीकडे जातं. इथे राहणारे भिक्षू मुंडण केलेले असायचे. भिक्षूने जवळ बाळगायच्या आठ वस्तूंत तीन चीवरं, भिक्षापात्र, सुई, कमरपट्टा, पाणी गाळायचं फडकं आणि वस्तरा. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात वस्तऱ्याबरोबर वस्तऱ्याच्या धारेच्या दगडालाही रीतसर परवानगी दिलेली आहे. म्हणजे या काळ्या कातळात खोदलेल्या कोठड्यांत, जिथे भिंत, छत, बाक सगळंच दगडाचं, तिथेही वस्तऱ्यासाठी वेगळा दगड बाळगायची सोय नियमात होती. भिंतीवर वस्तरा घासून भागलं असतं, तर दगडाला परवानगी कशाला लागली असती?

आणि हे नियम कुणाच्या तोंडून आले? बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर राजगृहाला जी पहिली संगीती भरली, तिच्यात विनय म्हणून दाखवला उपालीने. उपाली शाक्यांचा न्हावी. शाक्य राजकुमारांबरोबर तोही संघात आला, तेव्हा त्याला आधी दीक्षा दिली गेली, म्हणजे राजकुमारांना त्याच्यापुढे वाकावं लागलं. वस्तऱ्याचा दगड नियमांत कसा आला याचं उत्तर पोथीत वेगळं असेल. मला मात्र नियम पाठ असलेल्या माणसाला दगडाची जात कळत होती, एवढं पुरतं.

दुसरा साक्षीदार प्राचीन काळचा शल्यवैद्य सुश्रुत. आपल्या संहितेतल्या सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात तो शस्त्रांविषयी बोलतो. कुठल्या कामाच्या शस्त्राची धार किती बारीक हवी, याची त्याने मापंच दिली आहेत: काहींना मसुराएवढी, काहींना अर्ध्या मसुराएवढी, काहींना केसाएवढी आणि छेद घेणाऱ्या शस्त्रांना अर्ध्या केसाएवढी. धार झाली हे ओळखायचं कसं, तर अंगावरची लव कापली गेली पाहिजे. आजही जगभरचे वस्तरेवाले लोंबता केस धारेवर टेकवून हीच परीक्षा घेतात. पण मला त्याचं पुढचं सांगणं महत्त्वाचं वाटतं. पाजवायला तो गुळगुळीत, उडदाच्या रंगाची शिळा सांगतो आणि धार बसवायला सावरीच्या लाकडाची फळी. दोन वस्तू, दोन कामं. दगड धार काढतो. ती नीट जागेवर बसवतं लाकूड.

उडदाच्या रंगाचा म्हणजे काळा, असं मानून आमच्या काळ्या पाषाणाकडे बोट दाखवायला कुणी सरसावेल. रंगापुरतं ठीक आहे, पण हा पाषाण लव कापणारी धार देत नाही, हे वर झालं. बारीक दाण्याचा काळा-करडा दगड, पाटीच्या कुळातला, असा अर्थ मला जास्त पटतो. तसा दगड दख्खनच्या लाव्हाखाली जिथे जुना खडक उघडा पडतो त्या बाजूला, दक्षिण कोकणात, गोव्यात, बेळगावकडे असू शकतो. कर्जत-खालापुरात नाही.

माझ्याकडचा पहिला बाहेरचा दगड हातात घेतला, तेव्हा सुश्रुताचा उडीद एकदम समोर आला. वरचा थर फिकट पिवळा, त्याखाली चिकटलेला जाड थर गडद निळसर-काळा. अर्धं साल निघालेली उडदाची डाळ असते, तसाच. सुश्रुताला बेल्जियम ठाऊक असण्याचं कारण नाही, तेव्हा योगायोगापलीकडे यात काही शोधू नये. या दगडाचं नाव कोटिक्यूल. बेल्जियमच्या आर्देन भागात व्हिएल्साल्मच्या आसपास त्याच्या उभ्या-आडव्या पट्ट्या सापडतात, कुठे दोन-चार बोटं जाड, कुठे त्याहून पातळ. सुमारे अठ्ठेचाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरच्या गाळाचा तो झाला. नुसता पिवळा थर पातळ आणि ठिसूळ पडतो, म्हणून त्याला पाटीच्या दगडाची पाठ लावतात. काही तुकडे निसर्गतःच जोडून आलेले निघतात, त्यांना भाव जास्त. खाणीतल्या वेगवेगळ्या थरांना तिथल्या कामगारांनी नावं दिली होती, ला व्हेनेट, ला ग्रोस ब्लांश अशी, आणि अजूनही संग्राहक त्या नावांवरून भांडतात. साल्मशातोला या दगडाचं संग्रहालय आहे. आपल्याकडे पाट्या-वरवंट्याचं संग्रहालय काढा म्हटलं, तर लोक हसतील.

कोटिक्यूलमध्ये कापतो तो गार्नेट, मँगनीजचा स्पेसार्टिन. मऊ अभ्रकाच्या बस्तानात तो ठासून भरलेला असतो. गार्नेट पोलादापेक्षा कठीण, कठीणपणाच्या मापात सातच्या वर. गंमत अशी, की त्याचे स्फटिक पाच ते वीस मायक्रॉनचे, म्हणजे ज्या धारेसाठी आपण धडपडतो तिच्या कितीतरी पट मोठे. बारीक धारेला बारीक दाणा, हा हिशेब इथे चुकतो. कारण गार्नेटचा स्फटिक अनेक पैलूंचा, जवळजवळ गोल. अर्धा अभ्रकात रुतलेला, अर्धा वर. तो पोलादात खोल शिरत नाही, वरवर खरवडत जातो. दगडावर त्याच जातीचा लहान तुकडा पाण्याबरोबर घासला की दुधासारखा गाळ येतो. त्या गाळावर वस्तरा झपाट्याने कापला जातो, इतका, की काही क्षणांत गाळ करडा होतो. तो करडेपणा म्हणजे निघालेलं पोलाद. मग थेंबाथेंबाने पाणी वाढवायचं. गाळ पातळ होत जातो, कापणं मंदावत जातं, शेवटी निर्मळ पाणी उरतं आणि वस्तरा दगडाला हलकेच ओढ घेतो. एकाच दगडावर आधी काम आणि शेवटी विश्रांती. दुसऱ्या कुठल्या दगडावर हे इतकं सरळ जमत नाही.

वस्तऱ्याची रचनाही यात मदतीला येते. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकवायच्या, म्हणजे कोन आपोआप सांभाळला जातो. सगळा मिळून सोळा-सतरा अंशांचा. दगडावर धार पुढे ठेवून सरकवायची, चामड्यावर पाठ पुढे. विळी पाजवणाऱ्या हाताला हे कळायला वेळ लागतो, कारण विळीवर जोर लागतो आणि इथे जोर हाच शत्रू.

कोटिक्यूलची धार गालावर मऊ लागते. कापते, पण चावत नाही. मे महिन्यात घामाने कातडी आधीच चिडलेली असते, तेव्हा या धारेसारखी धार नाही. तिचा दोष एवढाच, की हनुवटीखालच्या दाट, आडव्यातिडव्या केसांत ती कधी कधी सावकाश चालते.

तिथे थुरिंजियाचा दगड पुढे येतो. जर्मनीत झोनेबेर्ग, श्टाइनाख या भागातला हा हिरवट-करडा पाटीचा दगड. तिथल्या एशर नावाच्या व्यापाऱ्याचं लेबल लावलेले तुकडे शंभर वर्षांपूर्वी न्हाव्यांत नावाजलेले होते. खाणी बंद पडून जमाना झाला, आणि आता लेबल शाबूत असलं तर दगडापेक्षा कागदाची किंमत जास्त होते. हे मला हास्यास्पद वाटतं. दगड मात्र खरा. पाटी मऊ, दाणा अतिशय बारीक, गाळ पटकन येतो आणि थोड्या फेऱ्यांत धार उजळते. कोटिक्यूलपेक्षा तिखट, तरी कोमल. आबांच्या धोकटीतला दगड या घराण्याच्या सर्वांत जवळचा. माझ्या बोटांना तरी दोघांत फार फरक लागत नाही.

जपानी दगडांबद्दल मी जरा कंजूषपणेच बोलणार आहे. क्योतोच्या आसपासच्या खाणींतले ते अखेरचे दगड, रेडिओलॅरिया नावाच्या समुद्रातल्या सूक्ष्म जिवांच्या सांगाड्यांच्या गाळातून झालेले. तलवारींच्या देशात धारेच्या दगडाचं शास्त्र झालं, यात नवल नाही. उत्तम तुकडा मिळाला तर त्याची धार या सगळ्यांत बारीक असते, हे मी मान्य करतो. पण तो दगड लहरी. पाणी कमी तर ओढतो, गाळ जास्त तर धार मारतो. रोज सकाळी कामाला जाणाऱ्या माणसाने त्याच्या नादी लागू नये. अमेरिकेतल्या आर्कान्साचा दगड याच्या अगदी उलट. तो जवळजवळ निव्वळ सिलिका, दाणे एकमेकांत घट्ट बसलेले. कण सुटत नाहीत, गाळ होत नाही. तेल घालून किंवा साबणाच्या पाण्यावर तासन्‌तास वस्तरा फिरवत बसावं लागतं. आबांच्या कसोटीवर तो नापासच. तरी काळा, पारदर्शकाकडे झुकणारा तुकडा धारेला शेवटची झळाळी देतो. सोनाराच्या ओपणीची जात.

प्लिनी नावाच्या रोमन गृहस्थाने एकोणीसशे वर्षांपूर्वी धारेच्या दगडांची अशीच यादी केली होती. क्रीटचे आणि स्पार्टाकडचे दगड तेलावर, नॅक्सॉसचे पाण्यावर, आणि न्हाव्यांच्या दुकानांत चालणारे काही थुंकीवर. स्पेनमधले ते थुंकीचे दगड उत्तम, असा शेरा. आबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. त्यांच्या व्यवसायात ही गोष्ट नवी नव्हती, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

पोलादाची कहाणी मुंबईतून गेलेली आहे, तीही इथे बसते. 1794 साली मुंबईच्या हेलेनस स्कॉट या डॉक्टराने हिंदुस्थानी पोलादाचे तुकडे लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवले. तिथे जेम्स स्टोडार्ट या हत्यारं करणाऱ्याने ते वापरून पाहिलं, आणि युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षा ते आपल्याला बरं वाटतं, असं त्याने आपल्या दुकानाच्या कार्डावर छापून टाकलं. पुढे फॅरेडे या शास्त्रज्ञाने त्याच्याबरोबर मिश्रधातूंचे प्रयोग केले आणि त्या मिश्र पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट दिले. म्हणजे वस्तऱ्याचं पोलाद एकदा आपल्याकडून तिकडे गेलं. मग शेफिल्ड आणि झोलिंगेनचे वस्तरे इकडे आले. माझ्या रोजच्या वस्तऱ्यावर झोलिंगेनचं नाव आहे. ते नाव कुणालाही घालता येऊ नये म्हणून जर्मनीने 1938 साली कायदा केला.

आता सावरीच्या फळीकडे. काटेसावर आमच्याकडे रानात, बांधावर भरपूर. माघ-फाल्गुनात पानं झडलेल्या झाडावर लाल फुलं येतात आणि पुढे शेंगांचा कापूस उडतो. लाकडाला गावात कुणी विचारत नाही. हलकं, मऊ, वाळवी लागणारं. आजचे हौशी लोक दगडानंतर वस्तरा बाल्साच्या फळीवर हिरव्या क्रोमियम ऑक्साइडची पूड लावून फिरवतात. दक्षिण अमेरिकेतलं हे बाल्सा सावरीच्याच कुळातलं झाड. सुश्रुताने सांगितलेल्या लाकडाचा भाऊबंद परदेशांतून कुरिअरने मागवण्यापेक्षा मी वाळलेल्या सावरीची फळी रंधून घेतली. तिच्यावर काही न लावता, नुसत्या फळीवर वस्तरा फिरवला तरी धारेत फरक पडतो. मग चामड्याचा पट्टा. लाकूड इतकं मऊ, की ते पोलाद कापू शकत नाही. धारेवर राहिलेला कणभर पोलादाचा वळ मात्र ते सरळ करतं किंवा काढून टाकतं. माझं मत असं झालं आहे, की दगडादगडांतला जो फरक आपण गालावर शोधत बसतो, त्यातला निम्मा या फळीवर आणि पट्ट्यावर मिटून जातो. संग्राहकाने असं बोलू नये, पण आहे हे असं आहे.

तरीही दगड का लागतो, याचं चांगलं उत्तर 2020 साली मिळालं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी पोलादाच्या धारेचे टवके उडतात. धार झिजून गोल होते, असं आपण समजतो. प्रत्यक्षात केस वाकून तिरका आपटला, की धारेवर जिथे आधीच खडबडीत जागा आहे किंवा पोलादाची घडण एकसारखी नाही, तिथला टवका निघतो. शेवटचा दगड करतो ते एवढंच: धारेवरच्या अशा कमकुवत जागा कमी करतो. त्याचं काम दिसत नाही, आठ-दहा दाढ्यांनंतर जाणवतं. आधीच्या जाड दाण्याच्या दगडावर काम नीट झालं नसेल, तर जगातला सगळ्यात महाग शेवटचा दगडही काही करू शकत नाही. त्या आधीच्या कामासाठी मी सरळ कारखान्यातले कृत्रिम दगड वापरतो, आणि त्यात कमीपणा मानत नाही. नैसर्गिक दगड शेवटच्या हातापुरता.

आमच्या हवेचा एक मुद्दा परदेशी जाणकारांच्या ध्यानात येत नाही. कर्जत तालुक्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो. आषाढात कपाटातल्या चपला हिरव्या होतात, तिथे उघड्या पोलादाची धार काय टिकणार? गंज धारेवरच आधी बसतो, कारण तिथेच धातू सर्वांत पातळ. दाढीनंतर वस्तरा पुसायचा, पट्ट्यावर कोरडा फिरवायचा, तेलाचं बोट लावायचं. पट्ट्याला बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात तो चुलीच्या धगीपासून लांब पण कोरड्या जागी टांगायचा. त्या चार महिन्यांत मी दगड जास्त वेळा काढतो, आणि काढतो तो कोटिक्यूलच, कारण त्याला भिजवत ठेवावं लागत नाही. दोन थेंबांत काम सुरू.

वस्तऱ्याच्या सौम्य धारेबद्दल एवढं लिहिताना एक गोष्ट मनातून जात नाही. याच हत्याराने या मुलखात विधवांची डोकी भादरली गेली. धार कितीही कोमल असली, तरी ते डोकं त्या बाईने स्वखुशीने पुढे केलेलं नव्हतं. 1890 साली मुंबईत 'दीनबंधु'कार नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्या लोकांनी ठरवलं. बलुत्यावर जगणाऱ्या, गावाच्या मर्जीवर पोट असलेल्या जातीच्या माणसांनी गिऱ्हाइकाला नाही म्हणण्याचा हा प्रसंग. न्हाव्याच्या विनोदी गोष्टी सांगताना आपल्याला तो आठवत नाही. त्या हातांना धार कशाला लावायची आणि कशाला नाही, हे दोन्ही कळत होतं.

उघडा वस्तरा आमच्या दुकानांतून गेला तो एड्सच्या धास्तीने, साधारण नव्वदच्या दशकात. एकाच्या गालावरचं रक्त दुसऱ्याच्या गालावर जायला नको, हे बरोबरच होतं. आता कडाव नाक्यावरच्या सलूनमध्ये पोरगा नवं ब्लेड कागदासकट मधून मोडतो, अर्धं धारकात बसवतो आणि काम झालं की फेकतो. त्याला दगड माहीत नाही, लागतही नाही. मला यात हळहळण्यासारखं काही वाटत नाही. ब्लेड स्वच्छ आहे, स्वस्त आहे, आणि अर्ध्या ब्लेडची धार पहिल्या दाढीला माझ्या कुठल्याही दगडाच्या धारेपेक्षा तिखटच असते. फक्त ती चावते.

कुणी नव्याने या वाटेला येणार असेल, तर माझा सल्ला थोडक्यात आहे. कोटिक्यूल घ्या, लहान, डाग असलेला, बेढब तुकडाही चालतो, डागांचा धारेशी संबंध नसतो. लेबलासाठी पैसे मोजू नका. जपानी दगड मित्राचा वापरून बघा. बाल्सा मागवू नका, सुताराला सावर मागा.

आणि जुन्या घरांच्या माळ्यावर आजोबांची किंवा गावच्या कारागिराची धोकटी पडून असेल, तर तिच्यातला दगड पाट्याखाली टेकू म्हणून वापरू नका, त्याच्यावर विळी पाजवू नका. साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, कडेने बघा: दोन रंगांचे थर आहेत का, हिरवट झाक आहे का, नखाने खरवडलं तर पांढरी रेघ उमटते का. काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून तो सपाट करून घ्या. भंगारवाला त्याचे काही देणार नाही. विकायचाच असेल, तर आधी मला विचारा.